ओढ्यापलीकडचा माळ

शलमोनकाका,

तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी पाळकसाहेबांची प्रार्थना संपते न संपते तोच सरपंचांनी ‘देवमाणूस गेला’ म्हणून सुरुवात केली. मग ज्याला ज्याला बोलावंसं वाटलं त्यानं तेच म्हटलं. तुम्ही असतात तर घसा खाकरून म्हणाला असतात, “बास आता. गुरांच्या पान्याची येळ झाली.” आणि खरंच झाली होती. दफनभूमी तुमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. गोठ्यातलं हंबरणं तिथवर येत होतं. रूथकाकी मूठभर माती टाकून सगळ्यांच्या आधी घराकडे वळल्या होत्या. सोबतच्या बायकांना वाटलं, त्यांना सहन होत नाही. त्या गुरांना पाणी दाखवायला चालल्या होत्या.

मला तो शब्द मान्य नाही. देवमाणसाशी भांडता येत नाही, आणि आपण नऊ वर्षं भांडलो. मधली दोन वर्षं माझी नेवाशाला बदली झाली होती, ती धरून म्हणतेय, कारण तेव्हा आपण फोनवर भांडायचो. तुम्ही हट्टी होतात, चर्चमध्ये सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे गायचात, आणि नातवंडं कितवीत आहेत ते तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. मात्र गावातली कुठली गाय कुठल्या गाईच्या पोटची, हे तुम्ही झोपेतही सांगितलं असतंत. बायकांनासुद्धा तुम्ही गाईंवरून ओळखायचात. “ती तांबड्या गाईची सुनंदा,” असं म्हणायचात. पुढे पुढे मीही तसंच म्हणायला लागले.

मी इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झाले तेव्हा पहिले पंधरा दिवस एकही माणूस जनावर घेऊन आला नाही. यायचे, दारातून डोकवायचे, विचारायचे, “साहेब कुठंयत?”

“साहेब मीच.”

“बरं, बरं,” म्हणून निघून जायचे.

सोळाव्या दिवशी तुम्ही मोटरसायकल दारात आडवी लावलीत आणि विचारलंत, “डॉक्टर, गाय अडलीय. येता का?” नुसतं डॉक्टर. बाई नाही, मॅडम नाही. तुमच्या गोठ्यात तोवर निम्मं गाव जमलं होतं. वासराचा पुढचा एक पाय आत मुडपलेला होता. मी बाह्या वर केल्या तसं मागून कुणीतरी म्हणालं, “बाईमानसाला जमंल का?” तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. गाईचं तोंड कवेत धरून म्हणालात, “गाय बी बाईच हाय.”

सगळे हसले. मी हात आत घातला. पाऊण तास लागला, वासरू जिवंत आलं. नगरच्या शिंप्याची मुलगी त्या दिवसापासून या गावची डॉक्टर झाली. तुम्ही उपकार केल्यासारखं कधी वागला नाहीत, म्हणून मीही कधी आभार मानले नाहीत. आता इथं मानून टाकते.

त्यानंतर लसीकरणाच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळ्या वस्त्यांवर आपणहून फिरायचात. “उद्या डॉक्टर येनार हायेत, गुरं चरायला सोडू नका.” दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दारोदार. मी सुई टोचणार आणि तुम्ही जनावराच्या नाकात बोटं घालून त्याला धरणार. मारका बैल असला की मालक कडेला उभा आणि तुम्ही पुढे. सरकारनं मला मदतनीस दिला नव्हता, तुम्ही झालात. एकदा तुमच्या पायावर खूर पडून नख निघालं, तर म्हणालात, “नखच हाय, परत येतं.”

आपलं पहिलं मोठं भांडण लिंबोणीच्या बागेवरून झालं. त्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला होता. तुमच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं. तुम्ही बांधाकडेला हौद बांधून सगळ्या गावच्या गुरांना तो मोकळा केलात. मी म्हटलं, निम्मं पाणी बागेला द्या, निम्मं गुरांना. बाग वाचेल, गुरंही जगतील, थोडी दूरच्या पाणवठ्यावर जातील. तुम्ही म्हणालात, “डॉक्टर, झाड जरा वाट बघतं. जनावर बघत न्हाई.”

झाडांनीही वाट पाहिली नाही. मे संपेपर्यंत बाग वाळून कोळसा झाली. ती बाग रूथकाकींनी लावली होती. रोपं असताना डोक्यावरून हंडे आणून जगवली होती. त्या महिनाभर तुम्हाला जेवायला वाढत होत्या आणि बोलत नव्हत्या. सगळं गाव तुमचं कौतुक करत होतं तेव्हा मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, “काका, दान तुम्ही केलंत, पण काकींच्या वस्तूचं केलंत.” दोनेक वर्षांनी एकदा शेण भरता भरता आपणच म्हणालात, “तिला इचारायला पायजे हुतं.” मग पाटी उचलताना, “पन इचारलं असतं तर ती न्हाई म्हनली असती.”

यावर मी आजही तुमच्या विरोधात आहे. तुम्ही गेलात म्हणून मत बदलणार नाही.

आता लंपीच्या वर्षाबद्दल लिहिते. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

गुरांच्या अंगावर गाठी यायला लागल्या आणि गाव घाबरलं. बाजार बंद झाले, दुधाची गाडी येईना. लोक आजारी कालवडी संध्याकाळी डोंगराकडे हाकलून देऊ लागले, म्हणजे आपल्या दावणीला मरायला नको. तुम्ही डोंगरावरून असंच एक गोऱ्हं खांद्याला टेकवत खाली आणलंत आणि माझ्याकडे येऊन म्हणालात, “माझा ओढ्यापलीकडचा माळ मोकळाच पडलाय. आजारी जनावरं तिथं बांधू. मी बगतो.”

मी अटी घातल्या. फक्त आपल्या गावची जनावरं. माळावर जो राहील त्यानं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय ओढा ओलांडायचा नाही. रोज चुना, फवारणी, संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर. तुम्ही एकेक अट बोटावर धरून पाठ केलीत. आणि एक सोडून सगळ्या पाळल्यात, हे मी खात्रीनं सांगते. तुम्ही स्वतःच माळावर ताडपत्री बांधून राहिलात. काकी ओढ्याच्या अलीकडे दगडावर भाकरी ठेवायच्या आणि मागे सरकून उभ्या राहायच्या, मग तुम्ही येऊन उचलायचात. दोघं पाण्याच्या दोन्ही कडांना बसून गोठ्यातलं बोलायचात. जखमा धुणं, हळद-तेल लावणं, उठता न येणाऱ्या बैलाला चारचौघांना बोलावून कुशीवर वळवणं, सगळं तुम्ही केलंत. मी रोज यायचे, औषधं द्यायचे. आलेल्यांपैकी बरीच जनावरं घरी परत गेली.

मग एका मंगळवारी भर दुपारी शेजारच्या गावाहून शकीलाबी आली. विधवा बाई, पदरात एक गाय, त्या गाईच्या दुधावर घर. गाईच्या मानेवर गाठी. ती कोसभर उन्हात चालत आली होती आणि तुम्ही दोघींना आत घेतलंत.

दुसऱ्या दिवशी मी ती नवी गाय पाहिली आणि माझा तोल गेला. “काका, बाहेरगावचं जनावर घ्यायचं नाही, ठरलं होतं आपलं.”

“व्हय, ठरलं हुतं.”

“मग?”

“दारात आली, डॉक्टर. माघारी कसं लावू? वाटंतच पडली असती गाय.”

“आज एक आली. उद्या दहा येतील. मग मी काय करू?”

“उद्याचं उद्या बगू.”

दुपारभर आपलं तेच चाललं होतं. मी म्हणत होते, नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो. तुम्ही म्हणत होतात, नियम जनावरासाठी हाय. शकीलाबी तिथंच बसून ऐकत होती, पदर तोंडात धरून.

गुरुवारी तुमच्या घरच्या गोठ्यातल्या हरणीला ताप भरला. हरणी, जी तुम्ही काष्टीच्या बाजारातून आणली होती आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला सगळी वाट तिच्याशेजारी बसून आला होतात. अंगभर गाठी आल्या, पायाला सूज चढली, नवव्या दिवशी गेली. लोक जमले होते. शकीलाबीही ओढ्यापलीकडे उभी होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “बघा काका. पुण्य कमवायच्या नादात आपल्याच दावणीला आग लावलीत तुम्ही.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. “व्हय, डॉक्टर,” एवढंच म्हणालात, आणि खड्डा खणायला घेतलात.

काका, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसून मी हरणीचा अहवाल भरत होते. ताप कधी आला, या रकान्यात गुरुवार लिहिला आणि हात थांबला. लागण झाल्यापासून ताप यायला निदान चार-पाच दिवस तरी जातात, बहुतेकदा जास्तच. शकीलाबी मंगळवारी आली होती. तिच्या गाईकडून हा आजार हरणीला दोन दिवसांत होणं शक्यच नव्हतं. तो आधीच गोठ्यात आला होता.

कसा आला, तेही मग आठवलं. आदल्या आठवड्यात मी एका वस्तीवरची आजारी गाय तपासून थेट तुमच्या गोठ्यात लस टोचायला आले होते. उशीर झाला होता, अजून चार वस्त्या राहिल्या होत्या. सुई मी बदलली होती, ते शपथेवर सांगते. पण अंगावरचा कोट तोच होता आणि बूट धुतले नव्हते. कदाचित माशीनं आजार आणला असेल. त्या दिवसांत माशा काही कमी नव्हत्या. पण जी अट मी तुम्हाला बोटावर मोजायला लावली होती, ती मी स्वतः पाळली नव्हती. ‘आजार कुठून आला’ या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं. कागदावर ते बरोबरच होतं.

तुम्हाला सांगितलं नाही. आधी म्हटलं, साथ ओसरू दे. आत्ता सांगितलं तर लोक माझं ऐकायचे थांबतील. साथ ओसरली. मग म्हटलं, आता जुनं कशाला उकरायचं. खरं कारण याहून साधं आहे. मला लाज वाटत होती.

तुम्ही मात्र एकदा विचारलंत. पुढच्या वर्षी आपण तुमच्या पिकअपमधून जामखेडला लस आणायला चाललो होतो. समोर बघत म्हणालात, “डॉक्टर, एक खरं सांगा. हरणी त्या बाईच्या गाईमुळंच गेली का?”

मी म्हटलं, “नक्की सांगता येत नाही.”

तुम्ही गिअर बदललात. मग म्हणालात, “मंग त्यांच्या गावात तेवढंच सांगा. सांगता येत न्हाई म्हनून. लोक तिला लई बोलत्यात. तिच्या पायगुनानं शलमोनची गाय मेली म्हनत्यात.”

मी सांगते म्हटलं. आणि सांगितलं नाही.

काका, तुम्ही स्वतःसाठी विचारलं नव्हतंत, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी आपली घाबरून बसले की तुम्ही मला पकडलंत.

आणि यंदा तुम्ही छातीत दुखतंय हे शेवटचे आठ दिवस लपवून ठेवलंत. दुसऱ्याच्या शेळीनं एक वेळ चारा सोडला तर मला फोन करणारे तुम्ही! मी जनावरांची डॉक्टर असले तरी माणसाचा चेहरा पांढरा पडला की मलाही कळतं. पण त्या आठवड्यात मी येणार म्हटलं की तुम्ही शेतात गेलेले असायचात. याचा राग मी काही दिवस धरून ठेवणार आहे.

रविवारी तुमच्या अंगणात स्मरणाची प्रार्थना झाली. आपलं गाव होतं, शेजारची गावं होती. कुणी हौदाबद्दल बोललं, कुणी तुम्ही पिकअपमधून दवाखान्यात पोचवलेल्या बाळंतिणींबद्दल. शेवटी पाळकसाहेबांनी मला विचारलं. मी उठले तेव्हा चार बरी वाक्यं बोलून बसायचं ठरवलं होतं. समोर बायकांच्या मागं, कुंपणाला टेकून, शकीलाबी बसली होती.

मी म्हटलं, “हरणीच्या खड्ड्यापाशी मी काकांना जे बोलले ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. ते खोटं होतं. शकीलाबीच्या गाईमुळे हरणी गेली नाही. दिवस जुळत नाहीत. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प राहिले. आजार गोठ्यात बहुतेक माशीनं आणला असेल, नाहीतर माझ्या बुटांनी. काकांनी नियम मोडला, पण हरणी त्यानं मेली नाही.”

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

शकीलाबी उठून पुढे आली. माझ्या समोर उभी राहून शांतपणे म्हणाली, “तीन वरसं मी ह्या वाटंनं आले न्हाई, बाई. आमच्या भावकीतल्या लग्नात मला दुधाच्या पातेल्याला हात लावू दिला न्हाई. काकांच्या मातीला बी आले न्हाई त्या दिवशी, लोक काय म्हनतील म्हनून. आज आले.” मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. चारचौघांत मागून तिला ‘हो’ म्हणायला भाग पाडलं असतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले आणि एकटीला मागितली. तिनं चहा केला. तिच्या त्याच गाईच्या दुधाचा. तिच्या गावातल्या दोन-तीन बायका उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनाही दिवस मोजून सांगितलं. त्यातल्या एकीनं चहा घेतला.

पण रविवारचं राहिलं. सगळे पांगल्यावर काकींनी मला गोठ्यात बोलावलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “हितून पुढं येताना बूट धुऊन येत जा, डॉक्टर.” त्यांनीही आता डॉक्टरपुढे बाई लावणं सोडलं. मी मान हलवली आणि विचारलं, “काकांनी हरणीचं मनाला लावून घेतलं होतं का?”

“मला म्हाईत न्हाई. बोलले न्हाईत कदी.” त्या शेण ओढत राहिल्या. “पन तिला पुरून दुसऱ्या दिवशी सकाळी परत माळावर गेले. येवढं म्हाईत हाय.”

एवढ्यावर मला भागवावं लागणार आहे. तुम्हाला खरं कळलं होतं की नाही, हे मला आता कळणार नाही.

गुरुवारी काकींनी मला माळावर नेलं. म्हणाल्या, लोक विकत मागायला आलेत, मी द्यायची न्हाई. ही जागा आजारी गुरांचीच राहील. नियम तुम्ही लिहा, पाळून घ्यायचं माझ्याकडं.

मी वही काढून तिथल्या तिथं लिहायला लागले. आंघोळ, कपडे, चुना, धूर. बाहेरगावच्या जनावराशी येऊन थांबले.

“आत घ्यायचं नाही,” मी म्हटलं.

“माघारी लावायचं न्हाई,” काकी म्हणाल्या.

“काकी, दोन्ही कसं जमेल?”

काकींनी इकडे तिकडे पाहिलं. मग माळाच्या पार टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक बाभूळ आहे ना, तिथपर्यंत चालत गेल्या. वाकून एक दगड उचलला, वाटेत उपटून घेतलेली दाव्याची जुनी लोखंडी मेख जमिनीत घातली आणि दगडानं ठोकायला लागल्या. “हितं बांधायचं. ह्याची बादली येगळी, दावं येगळं. तुमचं बगून झालं की मंग ठरवायचं.”

मी मधलं अंतर पावलांनी मोजलं. पुरेसं होतं.

शलमोनकाका, एक मेख. तुम्ही आणि मी इथं उभं राहून दुपारभर भांडलो, दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि दोघांपैकी एकालाही जरा लांब जाऊन एक मेख ठोकायचं सुचलं नाही.